डॅफीच्या 'द ग्रेट पिगी बँक रॉबरी'चा शेवट : स्वप्नाची पळवाट, की तोच शेवट हवा होता?

पाणकावळा (धागाकर्ता)

लूनी ट्यून्स कार्टूनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'पिगी बँक रॉबरी' धमाल आहे, पण शेवटी सगळं स्वप्न निघतं आणि हिरमोड होतो. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते शेवटची ती काही सेकंदं हा त्या फिल्मचा सगळ्यात नीट विचार करून बांधलेला भाग आहे. म्हणून धागा काढतोय. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी आधी पाहून या, सात-साडेसात मिनिटांचं काम आहे. खाली शेवट उघडा करूनच बोलणार आहे.

थोडक्यात गोष्ट. वॉर्नर ब्रदर्सची फिल्म, जुलै १९४६ मध्ये थेटरात लागलेली. दिग्दर्शक बॉब क्लॅम्पेट, कथा वॉरन फॉस्टर, संगीत कार्ल स्टॉलिंग, डॅफीचा आवाज अर्थातच मेल ब्लँक. शेतावर डॅफी बदक टपालपेटीपाशी जीव टांगणीला लावून पोस्टमनची वाट बघतोय. डिक ट्रेसी या गुप्तहेराचं नवं कॉमिक एकदाचं हातात पडतं. ट्रेसीबद्दल तो अगदी भारावून म्हणतो, "आय लव्ह दॅट मॅन!" मग वाचता वाचता तोही हवेत गुद्दे हाणायला लागतो, त्यातला एक स्वतःलाच बसतो आणि गडी आडवा.

इथून पुढे तो डॅफी राहत नाही, डक ट्वेसी होतो. शहरभर गल्ले चोरीला जातायत, डुकराच्या आकाराचे असतात ना ते. फोन खणखणतायत, आणि हा स्वतःची तिजोरी उघडून बघतो तर आतला गल्ला गायब! मग तपास. टॅक्सीत बसून 'त्या गाडीचा पाठलाग कर' म्हणतो, तर टॅक्सी त्याला तिथेच टाकून निघून जाते. वाटेत शेरलॉक होम्स भेटतो, त्याला हा आपल्या हद्दीतून हुसकावतो. गुंडांच्या अड्ड्याकडे जाणारी ट्राम येते, तशी पाटीच लावलेली, आणि ती चालवतोय मिशा लावलेला पोर्की डुक्कर. अड्ड्यात पावलांचे ठसे शोधत तो उंदराच्या बिळापाशी पोचतो, 'बाहेर ये रे उंदरा' म्हणतो, आणि बिळातून पहाडाएवढा माऊस मॅन बाहेर येतो. त्याच्यामागोमाग सगळी फौज. पळापळ, मारामारी, मशीनगन. शेवटी चोरलेल्या गल्ल्यांचा साठा सापडतो, त्यात स्वतःचा गल्ला दिसतो आणि डॅफी त्याचे मुके घेत सुटतो.

मुके चालू असतानाच चित्र बदलतं. आपण परत शेतावर, चिखलात, आणि डॅफीच्या मिठीत गल्ल्याऐवजी जिवंत डुकरीण. ती लाडात विचारते, "शॅल वी डान्स?" आणि त्याचा सणसणीत मुका घेते. डॅफी शिसारी येऊन पळतो. मागे राहिलेली ती म्हणते, "आय लव्ह दॅट डक!" आणि खिदळते. संपलं.

आता माझं म्हणणं. स्वप्नाच्या शेवटाचा राग कधी येतो? आपल्याला खरं म्हणून काही दाखवलं आणि मग हात झटकले, तेव्हा. इथे कुणी काही लपवलेलंच नाही. डॅफी बेशुद्ध पडताना आपण धडधडीत बघतो. त्यामुळे 'हे स्वप्न आहे का' हा प्रश्न फिल्म कधी विचारतच नाही. प्रश्न एवढाच उरतो की याला जाग कशी येणार. आणि ते उत्तर झोपेतून दचकून उठणं, डोळे चोळणं असल्या ठरलेल्या मार्गाने येत नाही. स्वप्नात सुरू झालेली कृती जागेपणी तशीच चालू राहते. मुका तोच. ज्याचा घेतला ते बदललं.

आणि शेवटचं वाक्य! पहिल्या मिनिटात डॅफीने ट्रेसीबद्दल म्हटलेलं वाक्य, एक शब्द बदलून, डुकरिणीच्या तोंडी. तुम्हाला काय वाटतं, लिहा.

रात्रपाळी

धागा आवडला, मत नाही आवडलं. :)

फिल्म मलाही प्रिय आहे, पण गुप्तहेराच्या गोष्टीचा प्रेक्षकाशी एक करार असतो, विनोदी असली तरी. गुन्हा झाला, तपास झाला, गुन्हेगार कळला पाहिजे. इथे गल्ले चोरले कुणी? माऊस मॅनने? स्नेक आईजने? का चोरले? ठाऊक नाही. डक ट्वेसी कुणाला ओळखून पकडत नाही, एका दारामागे सगळ्यांना कोंबतो आणि गोळ्या झाडतो. मग जाग येते, म्हणजे उत्तर द्यायची जबाबदारीच संपली. पळवाट ती हीच.

शेवट कसा हवा ते बघायचं तर टेक्स अ‍ॅव्हरीचं 'हू किल्ड हू?' बघा. एमजीएम स्टुडिओ, १९४३. सुरुवातीला एक खराखुरा माणूस, चित्रातला नव्हे, अभिनेता रॉबर्ट एमेट ओकॉनर, गंभीर चेहऱ्याने प्रेक्षकांना सांगतो की गुन्ह्याचं फळ चांगलं नसतं हे आता सिद्ध होणार आहे. मग कार्टून सुरू. वाड्यात खून, पोलिस हजर, दिसेल त्या दाराआड प्रेतं, भुतं, सापळे. शेवटी झगा-मुखवटावाला खुनी सापडतो. मुखवटा ओढला की आतून निघतो तो सुरुवातीचा खरा माणूस! "आय डूड इट!" (मीच केलं!) म्हणतो आणि लहान पोरासारखा भोकाड पसरतो.

गुन्हेगार पहिल्या दृश्यापासून आपल्यासमोर उभा होता आणि आपण त्याला गोष्टीच्या बाहेरचा समजून सोडून दिला. रहस्यकथेचा याहून चोख शेवट सात-आठ मिनिटांत कुणी करून दाखवावा.

सावनी_क

'हू किल्ड हू?'साठी माझ्याकडूनही एक मत. त्यातलं संगीत ऐकलंय का नीट? जवळजवळ सगळीकडे तो ऑर्गन, त्या काळच्या रेडिओवरच्या रहस्यनाट्यांमधला. स्कॉट ब्रॅडलीचं एरवीचं दणदणीत वाद्यवृंदाचं काम डोक्यात ठेवून ऐकलं तर हा संयम जाणवतो.

आणि ते पत्र! म्हाताऱ्याला सुऱ्याला टोचलेली चिठ्ठी येते, तू साडेअकराला मरणार. तो कुरकुरतो की साडेअकराला जमणार नाही. लगेच दुसरी चिठ्ठी : बरं, बाराला करू. मी या जागेला दर वेळी हसते. मरणारा माणूस अपॉइंटमेंटची वेळ बदलून मागतोय आणि खुनीही समजूतदारपणे ऐकतोय.

पण रात्रपाळी, एक विचारू का, 'आय डूड इट'ला तिथे इतकं रडायचं काय कारण? मला तो मुखवट्याचा धक्का आवडतो, वाक्य मात्र नुसतं येऊन पडल्यासारखं वाटतं.

जुना_बाजार

सावनीताई, ते रेड स्केल्टनचं आहे. त्याच्या रेडिओ कार्यक्रमात तो एका व्रात्य पोराची भूमिका करायचा, आणि खोडी उघडकीला आली की ते पोर हे म्हणायचं. अमेरिकेत तेव्हा ते घराघरात बोललं जात होतं. स्केल्टन एमजीएमचाच नट, आणि त्याच वर्षी एमजीएमने त्याला घेऊन याच नावाचा चित्रपटही काढला. त्याच कार्टूनमध्ये कपाटातून लाल रंगाचा सांगाडा (रेड स्केलेटन) निघतो, तो विनोदही त्याच्याच नावावर बेतलेला. १९४३च्या थेटरात हे दोन्ही एका क्षणात कळत असणार.

म्हणजे तुम्हाला वाक्य 'येऊन पडल्यासारखं' वाटलं, ते अगदी बरोबर. ते बाहेरून आलेलंच आहे. रेडिओ गेला, त्याचा आधार गेला.

याच जातीचा आणखी एक शेवट सांगतो. 'द केस ऑफ द स्टटरिंग पिग', फ्रँक टॅशलिन, १९३७. पोर्की, पिटुनिया आणि भावंडं, वादळी रात्र, काकांची इस्टेट, आणि औषध पिऊन राक्षस होणारा वकील. हा वकील मधेच प्रेक्षकांकडे वळून तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका माणसाला हिणवतो की तू काही माझं वाकडं करू शकणार नाहीस. शेवटी पोर्की मंडळींचा जीव जायची वेळ येते, तेव्हा बाहेरून एक खुर्ची येऊन त्या राक्षसावर आदळते. कोण तू? मी तो तिसऱ्या रांगेतला!

थेटरात, अंधारात, खरोखरच रांगांमध्ये बसून हे बघणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल. तिसऱ्या रांगेतल्या लोकांकडे अख्खं थेटर वळून बघत असणार. घरी मोबाईलवर हा शेवट अर्धाच पोचतो.

गंमत अशी की टॅशलिन, अ‍ॅव्हरी आणि क्लॅम्पेट तिघंही एकाच मांडवाखालचे. १९३७ साली तिघंही वॉर्नरची कार्टून बनवणाऱ्या लिऑन श्लेसिंगरच्या स्टुडिओत होते. डॅफीचा जन्म त्याच वर्षीचा, 'पोर्कीज डक हंट', दिग्दर्शक अ‍ॅव्हरी, आणि पाण्यावर वेड्यासारखा उड्या मारत जाणारा तो पहिला डॅफी चितारला क्लॅम्पेटने.

पाणकावळा

जुना_बाजार, फार छान माहिती. आणि माझ्या मुद्द्याला बळच मिळालं. अ‍ॅव्हरीच्या शेवटाला रेडिओ लागतो, टॅशलिनच्या शेवटाला थेटर लागतं. डुकरिणीच्या वाक्याला बाहेरचं काही लागत नाही. ते वाक्य फिल्मनेच सहा-सात मिनिटं आधी पेरलंय.

रात्रपाळी

असं कसं म्हणता? डिक ट्रेसी बाहेरचा नाही का? स्नेक आईज, ८८ टीथ, पिकल पस, ही सगळी मंडळी ट्रेसीचा चित्रकार चेस्टर गूल्ड याच्या खलनायकांवर उभी आहेत. ज्याला प्रूनफेस, फ्लॅटटॉप माहीत नाहीत त्याला निम्मी फिल्म कळणार नाही.

आभाळमाया

मी वेगळं उदाहरण देते. माझ्या लेकीला, वय वर्षं सात, डिक ट्रेसी हे नावही माहीत नाही. तिला ८८ टीथ बघून काय कळलं? की याचे दात म्हणजे पियानोच्या पट्ट्या आहेत. बॅट मॅन म्हणजे हातपाय फुटलेली बेसबॉलची बॅट. रबरहेडच्या डोक्याला पेन्सिलीमागचं खोडरबर आहे आणि तो डॅफीला खोडून टाकतो. हे समजायला गूल्ड वाचावा लागत नाही, चित्रातच सगळं आहे. ज्यांना गूल्ड माहीत आहे त्यांना वरचा थर मिळतो, एवढंच.

शेवटाला ती इतकी हसली की मी थांबवून विचारलं, काय कळलं तुला? म्हणाली, "त्याला वाटलं ती त्याची पिगी बँक आहे, पण तिला वाटलं तो खरंच लव्ह करतो." यात सगळं आलं की नाही? 'स्वप्न निघालं म्हणून मजा गेली' हे तिच्या गावीही नव्हतं.

लाईटबॉक्स

या क्षेत्रात काम करतो (पुण्यात, टूडी अ‍ॅनिमेशन), म्हणून जरा कारागिरीच्या बाजूने लिहितो.

आधी दाराचा प्रसंग. रात्रपाळी म्हणतात 'सगळ्यांना कोंबतो आणि गोळ्या झाडतो', पण तो प्रसंग पुन्हा बघा, आवाज बंद करून. दार बंद, डॅफी मशीनगन चालवतोय. मग दार उघडतं आणि एकेक खलनायक ताठ लाकडासारखा पुढे कोसळत येतो. एकामागून एक. एक पडतो तो खाली पोचायच्या आत मागचा पडायला लागलेला, प्रत्येकाचा आकार वेगळा, रंग वेगळा, आणि तरी ताल एकच. किती पडले हे मोजायच्या फंदात माणूस पडत नाही, कारण तोवर त्या तालाने पकडलेलं असतं. अशा ठिकाणी प्रत्येक पात्र किती चौकटी पडद्यावर ठेवायचं हा सगळा खेळ. दोन चौकटी जास्त दिल्या की प्रेक्षक चेहरे वाचायला लागतो आणि लय मोडते. दोन कमी दिल्या की नुसता रंगांचा चिखल. श्रेयनामावलीत अ‍ॅनिमेटर म्हणून रॉड स्क्रिबनर, मॅनी गूल्ड, बिल मेलेंडेझ आणि इझी एलिस आहेत. मेलेंडेझ म्हणजे तेच, ज्यांनी पुढे चार्ली ब्राऊनचे टीव्ही कार्यक्रम केले. त्या शांत, स्थिर चित्रांच्या माणसाचे हात आधी या धुमाकुळात तयार झालेत हे मला फार विलक्षण वाटतं.

आता शेवट. पाणकावळा यांनी 'मुका तोच' म्हटलंय ते चित्रकाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं आहे. जाग येण्याचा क्षण दाखवायचे सोपे मार्ग तेव्हाही होते : चित्र लाटांसारखं हलवायचं, पडदा काळा करायचा, बादलीभर पाणी ओतायचं. क्लॅम्पेटने पात्राची कृती तोडलीच नाही. मिठी चालू, मुके चालू, भोवतालचं जग तेवढं विरघळून दुसरं आलं. डॅफीला जाग आली हे डॅफीच्या आधी आपल्याला कळतं. तो अजून अड्ड्यातच आहे, आपण शेतावर पोचलोय. ती जी काही क्षणांची फट आहे ना, हशा तिथे पिकतो. आधी त्याला उठवलं असतं आणि मग डुकरीण दाखवली असती तर हा विनोद मेला असता.

शिवाय रंग बघा. स्वप्नातलं शहर काळं-निळं, लांबलचक सावल्या, तिरपे कोन. गुन्हेपटांची ती सगळी अंधारी भाषा. आणि शेत लख्ख उजेडात. त्या सावल्यांना आपले डोळे सरावलेले असतात, म्हणून शेवटचा सूर्यप्रकाश अंगावर येतो.

रात्रपाळी

लाईटबॉक्स, कारागिरीवर माझं कधीच दुमत नव्हतं आणि दाराच्या प्रसंगाबद्दल तर नाहीच. माझा आक्षेप गोष्टीला आहे. रहस्याचं उत्तर कुठाय?

अनुस्वार

उत्तर आहे की! शेवटच्या दृश्यातच आहे. आपण सगळे डॅफीने दिलेला प्रश्न घेऊन बसलोय, गल्ले कुणी चोरले. फिल्मने टाकलेला प्रश्न वेगळा आहे : गल्लेच का?

विचार करा. डिक ट्रेसीचा चाहता, डोक्यात खून, दरोडे, पळवापळवी. स्वप्नात त्याला शहरातली सगळ्यात मोठी केस कुठली मिळावी? बँकेवरचा दरोडा, हिऱ्यांची चोरी, काहीही चाललं असतं. मिळते ती डुकराच्या आकाराच्या गल्ल्यांची चोरी. अख्ख्या फिल्मभर आपण हे एक वेडगळ निमित्त म्हणून मान्य करतो, कार्टून आहे, चालायचंच. आणि शेवटी कळतं की हा पठ्ठ्या बेशुद्ध पडलाय तो शेतावर, जिथे डुकरं आहेत. झोपेत शेजारचा गजर स्वप्नातली देवळाची घंटा होतो, तसं इथे झालंय. त्याच्या कानावर, अंगावर जे काही येत होतं त्यातून त्याच्या डोक्याने केस तयार केली.

म्हणजे सगळ्यात मोठा पुरावा फिल्मच्या नावातच होता, 'पिगी'. पाटी वाचूनच आत शिरलो आणि तरी लक्षात आलं नाही. रात्रपाळी, तुम्ही 'हू किल्ड हू?'बद्दल जे म्हणालात, की गुन्हेगार पहिल्यापासून समोर होता आणि आपण त्याला गोष्टीच्या बाहेरचा समजलो, तेच शब्द इथे डुकरिणीला लावून बघा.

पाणकावळा

अनुस्वार, वा! हे माझ्या मूळ लेखात असायला हवं होतं असं वाटण्याइतकं पटलं. याच्याशी जोडून आणखी एक. ही डिक ट्रेसीची टर उडवणारी फिल्म म्हणतात, पण तिचा नायक ट्रेसी नाहीच. नायक आहे ट्रेसीचा वाचक. आपल्याकडे ज्यांनी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा एका बैठकीत फस्त केल्या आणि मग चार दिवस गल्लीतल्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघितलं, त्यांना डॅफी लगेच ओळखू येईल. वाचकाची गोष्ट असेल तर तिचा शेवट वाचकापाशीच व्हायला हवा, पुस्तक मिटल्यावर. गुंडांच्या अड्ड्यात, विजयाच्या आरोळीवर ती संपली असती तर ती नुसती आणखी एक ट्रेसीची गोष्ट झाली असती.

रात्रपाळी

अनुस्वारांचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे, मान्य. 'गल्लेच का' हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. तरी दोन शेवटांत मी 'हू किल्ड हू?'च वर ठेवीन. कारण तिथे पकडला जाणारा माणूस आपल्याला फसवत होता. इथे डॅफीला कुणी फसवलेलं नाही, तो स्वतःच वाहवत गेला. मला रहस्यकथेत समोर दुसरा कुणीतरी लागतो.

आभाळमाया

पण दुसरी आहे ना समोर! डुकरीण. तिच्याबद्दल कुणीच फारसं लिहिलं नाही अजून.

मी काही ठिकाणी वाचलंय की शेवट डुकरिणीला हसण्यासाठी आहे, कुरूप बाईच्या गळ्यात पडल्याचा जुनाच विनोद. तो विनोद त्या काळच्या कार्टूनमध्ये ढिगाने आहे आणि मला तो आवडत नाही. पण इथे तसं होत नाही असं मला मनापासून वाटतं. ती चिखलात आपल्या जागी निवांत आहे. एक बदक येऊन तिच्या गळ्यात पडतं, मुके घ्यायला लागतं. ती ओरडत नाही, लाथ मारत नाही, आदबीने नाचायला चलणार का विचारते. तो पळून गेल्यावर रडत बसत नाही. खूश होते. शेवटचं वाक्य तिचं, शेवटचं हसू तिचं. अख्ख्या फिल्ममध्ये ज्याला जे हवं ते मिळालं असं एकच पात्र आहे, आणि ते ती.

आणि ते वाक्य तिला कुठून मिळालं? डॅफीने ट्रेसीबद्दल जे म्हटलं ते भक्ताचं वाक्य आहे. ट्रेसी कधी भेटणार नाही, त्याला डॅफी माहीतही नाही. आता डॅफी स्वतः कुणाचा तरी ट्रेसी झाला. त्याला हेच हवं होतं, कुणीतरी आपल्याकडे तसं बघावं. ते मिळालं आणि तो तोंड पुसत पळाला.

सावनी_क

आभाळमाया, किती सुंदर लिहिलंत! हे वाचून आत्ता परत बघितलं. तिचं ते शेवटचं खिदळणंही डॅफीच्या वेड्या हसण्याच्याच वळणाचं आहे. म्हणजे वाक्यही त्याचं, हसूही त्याचं, दोन्ही तिने उचललं. तो पळाला, पण त्याची सगळी तऱ्हा तिच्यापाशी राहिली.

जुना_बाजार

थोडी पूरक माहिती. क्लॅम्पेट १९४५ मध्येच वॉर्नरमधून बाहेर पडले होते, म्हणजे ही फिल्म लोकांनी पाहिली तेव्हा दिग्दर्शक तिथे नव्हता. अ‍ॅनिमेशन क्षेत्रातल्या लोकांच्या मतांवरून १९९४ साली जेरी बेक यांनी पन्नास सर्वोत्तम कार्टूनचं पुस्तक काढलं, त्यात ही सोळाव्या क्रमांकावर आहे.

डॅफीने पुढेही गुप्तहेरगिरी केली, पण तो डॅफी वेगळा. दिग्दर्शक चक जोन्सच्या 'डिड्यूस, यू से' (१९५६) मध्ये तो डॉरलॉक होम्स आहे आणि पोर्की त्याचा वॉटकिन्स. तोवर डॅफी आखडू, मत्सरी, स्वतःला शहाणा समजणारा झाला होता. तिथे शेवट म्हणजे शाळेवरचा एक शाब्दिक विनोद. पोर्की विचारतो, तुम्ही शिकलात कुठे, आणि हा उत्तर देतो. नीटनेटका आहे, पण लक्षात राहतो तो पोर्कीचा शांत, समंजस कारभार, शेवट नव्हे. क्लॅम्पेटचा डॅफी मूर्ख आहे तरी त्याचा आनंद खरा आहे. गल्ला सापडल्यावर तो ज्या जिवाच्या आकांताने मुके घेतो, तसे जोन्सचा डॅफी घेणार नाही. त्याने आधी आतले पैसे मोजले असते. हा शेवट त्या जुन्या डॅफीखेरीज जमलाच नसता.

लाईटबॉक्स

जुना_बाजार, हे लाख बोललात. आणि चित्रातही ते दिसतं. स्क्रिबनरचा डॅफी रबरासारखा ताणला जातो, डोळे बाहेर येतात, चोच कुठल्या कुठे जाते. भावना चेहऱ्यात मावत नाही म्हणून चेहराच फाकतो. जोन्सचा डॅफी एक भुवई उचलतो. दोन्ही थोर. पण डुकरिणीला गल्ला समजून घट्ट धरायला पहिलाच लागतो.

शिकाऊ मुलांना मी हा भाग दाखवतो तेव्हा शेवटची दहा सेकंदं तीन तुकड्यांत बघायला लावतो : जग बदलेपर्यंत, डॅफीला कळेपर्यंत, आणि तो चौकटीबाहेर गेल्यानंतर. तिसऱ्या तुकड्यात पडद्यावर नायक नाही. फिल्म संपत आलीय, नायक निघून गेलाय, आणि कॅमेरा अशा पात्रावर थांबलाय ज्याला आपण काही क्षणांपूर्वी ओळखतही नव्हतो. एवढा भरवसा एका अनोळखी पात्रावर टाकायला छाती लागते.

रात्रपाळी

'हू किल्ड हू?'मध्ये शेवटी रडणारा खरा माणूस, इथे शेवटी हसणारी डुकरीण. दोन्ही फिल्मनी शेवटची चौकट ज्याच्याकडे दिली तो गोष्टीतला गुप्तहेर नाही, हे आत्ता हा धागा वाचताना ध्यानात आलं. तिकडे पोलिसाचं काय होतं तेही आपण विचारत नाही.

मत बदललेलं नाही, पण उद्या सुट्टी आहे, दोन्ही पाठोपाठ लावणार.

अनुस्वार

पाठोपाठ लावणार असाल तर आधी १९३७चा 'स्टटरिंग पिग' लावा, मग १९४३, मग १९४६. एकाच मांडवातून निघालेले तिघे शेवटाकडे कसकसे गेले ते सलग दिसेल.

सावनी_क

आणि पिंक पँथरवाल्या 'द इन्स्पेक्टर' मालिकेबद्दल कुणी बोलणार आहे का? तिथे तर इन्स्पेक्टरच्या शेवटाला दर वेळी कमिशनर असतोच.

पाणकावळा

त्याला वेगळा धागा लागेल सावनीताई, तुम्हीच काढा. मी पहिला प्रतिसाद द्यायला येतो.